रंग जुळेपर्यंत

खोका रुकय्या सोलकरने दिला. थर्माकोलचा,
हर्णैच्या बंदरावर दोन हंगाम
बर्फात सुरमई वाहिलेला, एक कोपरा तुटका.
"खाली भोकं मार गो, नायतर मुळं कुजतील."
मी सुई तापवून भोकं मारली.
तळाला जांभ्याचे खडे, वर परसातली माती,
शेणखत, चुलीतली राख.
वास मात्र गेला नाही. सोलकरांचा बोका
तीन रात्री येऊन त्यात मासा शोधत राहिला.

एक बी म्हणजे एकच रोप नव्हे,
हे मला साठी उलटल्यावर कळलं.
खडबडीत दाणा, पेरला एक, उगवले चार,
देठ लाल,
बोटावर सुई टोचल्यावरच्या पहिल्या थेंबासारखे.
"तीन उपट," रुकय्या म्हणाली.
आठ दिवस माझा हात होईना.
मग कात्रीने कापले बुंध्याशी
आणि आमटीत टाकले.

पौषात खाऱ्या वाऱ्याने मिरची करपली,
वांग्याने मान टाकली.
बीट तरारलं,
जसा काही समुद्र त्याचा आतेभाऊ.

तीस वर्षं मी दवाखान्यात रक्त तपासलं.
जुन्या काळी नळीत थेंब थेंब पाणी घालायचं,
ढवळायचं, खिडकीकडे धरायचं,
शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत.
जुळला की थांबायचं.
एक थेंब जास्त पडला, तर बाईचं रक्त
नुसतं कागदावर वाढायचं.
सगळं काम त्या थांबण्यात होतं.

"सहा भरलं," मी सांगायचे. "बीट खा."
पाजपंढरीच्या शेवंती चोगलेने एकदा विचारलं,
"बाई, ता घाटावरनं येतंय ना?
किती दिवसांचं शिळं असंल?"
मी पुढचं नाव पुकारलं.
नाचणीत होतं, चवळीत होतं,
तिच्याच अंगणात वाळणाऱ्या जवळ्यात होतं,
आणि मी लाल दिसतं म्हणून
लाल सांगत राहिले.

पाकिटावर सत्तर दिवस छापलेले.
रुकय्याला वाचायचा कंटाळा.
"पापलेट कल्ला बघून घ्यायचं, ह्याला खांदा बघून.
माती आपली आपण सारून वर आला,
लिंबापेक्षा मोठा, मुठीपेक्षा लहान,
की काढ. अजून होऊ दे म्हणशील
तर लाकूड चावशील."

माघात, अठ्ठावन्नाव्या दिवशी, सहा काढले.
पाला सुरीने कापला नाही, पिळून तोडला,
दोन बोटं देठ ठेवून,
नाहीतर पातेल्यात सगळं वाहून जातं.
रात्री कोशिंबीर, दही घालून.
सकाळी मोरीत लाल दिसलं
आणि दुसऱ्यांच्या हजारो बाटल्या उजेडात धरलेली मी
भिंतीला टेकून उभी राहिले.
मग कोशिंबीर आठवली. एकटीच हसले,
इतकी, की रुकय्याने पलीकडून विचारलं, काय झालं गो?

सातवा ठेवला होता.
पाजेत विचारलं तेव्हा कळलं,
शेवंती मुलीकडे मुरूडला असते, शिमग्याला येईल.
रुकय्या येता-जाता खोक्याकडे बघायची
आणि काही बोलायची नाही.
खांदा वर आला, मग गळा, मग निम्मं अंग,
वरची साल चिरली, खरबरीत झाली.
मला कळत होतं.
माझ्या हातून पहिल्यांदाच
थेंब जास्त पडत होता, आणि मी पडू देत होते.

शेवंती आली. केस पांढरे, पाय सुजलेले,
मला तिनेच आधी ओळखलं.
तिच्यासमोर उपटला. नारळाच्या बेल्याएवढा.
सुरी निम्म्यात अडकली,
दोघींनी मिळून दाबली तेव्हा दोन फाका झाल्या.
आत पांढरी वलयं, एकात एक,
आणि शिरा, काथ्यासारख्या.

तिने एक तुकडा चावला, बराच वेळ चावला,
हातावर थुंकला.
"बाई," ती म्हणाली, "हा तर घाटावरच्यापेक्षा शिळा."

पाला घेऊन गेली. सुकटीत घालते म्हणाली.
फाका पायरीवर राहिल्या.
संध्याकाळी बोका आला,
हुंगून गेला.